बारा जणांची मात्रा

उमा : म्हणजे सुखकोष्ठ औषधाच्या खोक्यावर तुमचा फोटो. त्याखाली आजोबांचं नाव. दिवाळीत ज्ञातिमंडळाच्या संमेलनात शाल, नारळ, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या केळकरांचं पडलेलं तोंड. बरोबर धरलं ना मी?

दिनानाथ : केळकरांचं तू धरलंस. मी नव्हतं धरलं.

उमा : तुम्ही सगळ्यात आधी तेच धरलंत. पुढे. आपल्या सोहमला औषध काढणाऱ्या कंपनीतच चिकटवणार, म्हणजे राजसीच्या वडिलांना चार ठिकाणी सांगायला जावई होईल. आणि मला?

दिनानाथ : तुला काय पाहिजे?

उमा : खोली. राजसीची आई घर बघायला आली होती ना, सगळं बघितलं, ओट्याचं कौतुक केलं, आणि आतल्या खोलीच्या दाराशी आल्यावर नाकाला पदर लावला. बोलली काही नाही. जाताना एवढंच म्हणाली, मुलं राहणार कुठे?

दिनानाथ : मग? अंथरुणाला खिळलेल्या आक्काला काय उचलून बाहेर ठेवू?

उमा : मी म्हटलं का तसं? मी नुसतं मांडतेय. ऐका, लागल्या वाजवायला.

दिनानाथ : आत्ताच तर साफ केलंस.

उमा : आत्ताच केलं, आत्ताच झालं. सकाळपासून मोजायचं सोडलंय मी. हाक मारायला आवाज राहिला नाही, म्हणून पेजेची वाटी पलंगाच्या दांडीवर आपटतात.

दिनानाथ : सुखकोष्ठ दिलंस ना?

उमा : पेजेतून. नुसतं दिलं तर थुंकतात. तुमच्या आजोबांचं नाव घेतलं तरी थुंकतात.

दिनानाथ : बंद करू नकोस. यात इंद्रजव आहे, पळसाच्या बिया आहेत. जुलाबावर याच्याइतकं दुसरं काही नाही. पटकीच्या साथीत आजोबांनी अख्खं कुळगाव चिमूटभर पुडीवर उभं केलं होतं.

उमा : तेव्हा अख्खं कुळगाव म्हणजे आपल्या सोसायटीच्या दोन विंगा. दारावर कोणीतरी आहे. तुम्ही बघा, मी वन्संकडे जाते.

दिनानाथ : कोण? अरे, या, या. तुम्ही लॅबचे ना? डबे न्यायला येता ते?

मिलिंद : हो सर. मिलिंद गायकवाड. आनंदनगरहून.

दिनानाथ : बसा. त्या खुर्चीवर नको, ती जरा मोडकी आहे. ही प्लास्टिकची घ्या. गायकवाड म्हणजे कुठले?

मिलिंद : मोरिवली.

दिनानाथ : तसं नाही हो. म्हणजे, मूळचे.

मिलिंद : छप्पन सालानंतरचं विचारत असाल तर घरात बुद्धवंदना. आधीचं तुम्ही ओळखलंतच, त्याशिवाय खुर्ची मोडली नसती.

दिनानाथ : छे, छे! आमच्याकडे तसलं काही नाही. उलट मला कौतुक आहे. एवढं एमेस्सी होऊन हे असलं काम तुम्ही हसतमुखानं करता. आमच्या सोहमला नसतं झेपलं. ते रक्तातच असावं लागतं.

मिलिंद : रक्ताचं डिपार्टमेंट वेगळं, सर. मी शौचाचं बघतो.

उमा : चहा टाकू का?

मिलिंद : नको काकू, आधी बोलतो. मला कंपनीनं पाठवलेलं नाही, हाफ डे टाकून आलोय. सर, तुमच्या चाचणीत बारा माणसं. सगळे ठणठणीत. प्रत्येकानं सुखकोष्ठच्या रोज दोन कॅप्सुल चार आठवडे घेतल्या. सुरू करायच्या आधी एक डबा दिला, संपल्यावर एक दिला. पोटातल्या चांगल्या जिवाणूंवर या बियांचा काय परिणाम होतो, ते आम्ही बघायचं. असंच ठरलं होतं ना?

दिनानाथ : तंतोतंत. अंबरनाथला बत्तीस वर्षं क्वालिटीला काढलीत मी. माझ्या सहीशिवाय गेटबाहेर एक ड्रम गेला नाही. रिपोर्ट आला का?

मिलिंद : बाराही जण इथलेच?

दिनानाथ : आमच्या सोसायटीतले. चांगल्या घरातली, सुशिक्षित माणसं. पहिलं नाव बघा, काळेसर. हेडमास्तर होते.

मिलिंद : आणि सगळ्या बायका?

दिनानाथ : नाही हो. आठ पुरुष आहेत.

मिलिंद : यादीत आहेत. डब्यात नाहीत. शौचातून माणसाच्या स्वतःच्या पेशीही पडतात थोड्या. बाराही डब्यांत बाईच्याच आहेत. काळेसरांच्यासुद्धा.

उमा : त्यांच्या बायकोला संशय होताच.

दिनानाथ : उमा, हे शास्त्राचं चाललंय.

मिलिंद : पुढचं ऐका ना. बारा बायकाही नाहीत. एकच आहे. पोटातल्या जिवाणूंची ठेवण प्रत्येकाची निराळी. एका ताटात जेवणाऱ्या दोन सख्ख्या बहिणींचीही जुळत नाही. तुमच्या बारा जणांची जुळते. आधीच्या फेरीतही, नंतरच्या फेरीतही. ती बाई कोण, एवढंच मला सांगा.

दिनानाथ : तुमच्या लॅबमध्ये मिसळले असतील नमुने.

मिलिंद : मिसळले की भेळ होते, सर. इथे बारा पातेल्यांत एकच आमटी आहे.

उमा : परत वाजवताहेत. आले मी.

दिनानाथ : माझी मोठी बहीण. वय झालंय. अंथरुणालाच आहे, तिचं चालूच असतं. तुम्ही बोला. समजा, समजा हं, एखाद्या बाईचे डबे चुकून जास्त गेले असतील. त्यानं काय बिघडलं? निकाल काय म्हणतो?

मिलिंद : निकालासाठी नाही आलोय मी. ती बाई मरायला टेकली असेल म्हणून आलोय.

दिनानाथ : काहीतरीच काय बोलता!

मिलिंद : पहिल्या फेरीत त्या बाईच्या पोटात बाग होती. थोडी विरळ, म्हणजे वय झालेलं असणार, पण बाग. दुसऱ्या फेरीत सगळं करपलेलं. तुमच्या बियांतला जो कडू अंश आहे तो जंतू मारतो, हे खरंच आहे. थोडा असेल तर वाईटांना मारतो, चांगल्यांना जरा दटावून सोडतो. जास्त झाला की तो कोणाला ओळखत नाही. आणि मोकळ्या झालेल्या जागेत एकच जंतू माजलाय, विष सोडणारा. बाकीचे होते तोवर गप्प होता. तो आतडं आतून सोलतो. जुलाब थांबत नाहीत, पोट फुगतं, तापाची कणकण, माणूस चार दिवसांत हाडांवर येतो. असं कोणी आहे का तुमच्या बारांत?

दिनानाथ : बारांत नाही.

मिलिंद : नक्की?

दिनानाथ : बारांत तसं कोणीही नाही. लेखी देतो.

उमा : बारांत नाहीच कोणी. त्यात ह्यांचं खोटं नाही हो.

दिनानाथ : तू आत होतीस ना?

उमा : होते. चादर बदलली, आले. एक सांगा मला, भाऊ. तुम्ही म्हणता थोडा, जास्त. ह्यांचे आजोबा तर हेच द्यायचे गावभर. त्यानं कोणी सोललं नाही.

मिलिंद : ते कसं द्यायचे?

उमा : सासूबाई सांगायच्या. बिया ताकात भिजवायच्या, वाळवायच्या, परत ताकात, परत उन्हात. वैताग यायचा म्हणे गच्चीवर कावळे हाकलून. मग कुटून चिमूट.

दिनानाथ : ताक म्हणजे बुरशी. सहा महिने टिकेल असा माल द्यायचाय आपल्याला. आणि चिमूट हे काय माप झालं? कोणाची चिमूट? मी मोरिवलीला मित्राच्या युनिटमध्ये रीतसर स्पिरिटमध्ये अर्क काढला. दहापट.

मिलिंद : म्हणजे ज्याची धार मोडायला ते ताक वापरत होते, त्याला तुम्ही धार लावलीत.

दिनानाथ : त्याला तंत्रज्ञान म्हणतात.

मिलिंद : तरी दोन कॅप्सुलांनी एवढं होत नाही, सर. आम्ही काचेच्या भांड्यात तेवढ्याच प्रमाणात करून पाहिलं होतं. जिवाणू आठवडाभर दबतात आणि परत उठतात. या बाईनं रोज किती घेतल्या?

दिनानाथ : जेवढ्या ठरल्या होत्या तेवढ्याच.

उमा : चोवीस.

दिनानाथ : उमा!

उमा : अहो, ठरल्याच होत्या तेवढ्या. तुम्हीच ठरवल्यात. रोज चोवीस, भाऊ. मी फोडायचे आणि पेजेत ढवळायचे. बोटं पिवळी झाली माझी, ही बघा.

मिलिंद : चोवीस? का?

दिनानाथ : आता मी सांगतो. तुम्ही शास्त्र शिकलेले आहात, तुम्हाला पटेल. सगळे आधी हो हो म्हणाले होते. पुढाकार घेतला म्हणून माझं अभिनंदन केलं. आणि डबे वाटल्यावर एकेक लाजायला लागला. काळे म्हणाले, अडतीस वर्षं मी मुलांकडून नमस्कार घेतले, आता स्वतःचं नाव चिकटवलेल्या डब्यात हे देऊ? साठेबाईंची एकादशी निघाली. वरच्या मजल्यावरचा म्हणाला, लिफ्टमध्ये कोणी विचारलं हातात काय आहे तर? डबे रिकामे परत आले, कॅप्सुलच्या बाटल्याही परत आल्या, सीलसकट. मी कंपनीला काय तोंड दाखवू? इकडे आक्काचं भांडं तर घरात रोज भरत होतं.

मिलिंद : म्हणून बारा डबे तिथून भरलेत. ते कळलं. चोवीस कॅप्सुल कशाला?

दिनानाथ : कारण मी खोटं काम करत नाही! बारा माणसांचे म्हणून डबे जाणार, तर बारा माणसांची मात्राही पोटात जायलाच पाहिजे. माल जेवढा आला तेवढा लागला, हे दाखवता यायला नको? आत किती गेलं, बाहेर किती आलं, ते जुळलं पाहिजे. फॅक्टरीत याला मास बॅलन्स म्हणतात. त्यात एक किलो इकडचा तिकडे झाला तर मी बॅच अडवून ठेवायचो.

मिलिंद : तुम्ही तुमच्या बहिणीचं मास बॅलन्स केलंत, सर.

दिनानाथ : प्रामाणिकपणे केलं.

उमा : आणि मी म्हटलं, आलेलं वाया कशाला घालवा. ते माझ्याकडे धरा.

मिलिंद : आणि मी कधीचा इथे बसून विचारतोय, कोण ती बाई, कोण ती बाई. ती माझ्या पाठीमागे वाटी वाजवतेय.

उमा : मोतीबाई नाव त्यांचं. उल्हासनगरला पालिकेच्या शाळेत शिवण शिकवायच्या. लग्न नाही केलं, ह्यांना शिकवायचं होतं म्हणून. ह्यांच्या इंजिनिअरिंगला रात्री परकर शिवून बाजारात द्यायच्या, सिंधी दुकानांत. ह्यांना सांगायला आवडत नाही.

दिनानाथ : विषय काय, तू बोलतेस काय.

मिलिंद : त्यांना दवाखान्यात न्या. आत्ता, लगेच. आणि डॉक्टरांना सांगा की हा अर्क होता, इतका दिला, इतके दिवस दिला. एवढं कानावर पडलं की ते तो जंतू शोधतील. त्याच्यावर औषध आहे, लागू पडतं. पण नाही कळलं तर म्हातारपणाचे जुलाब समजून जुलाब बांधायचं औषध देतील. मग विष आतच कोंडेल.

दिनानाथ : नेतो ना. नाही कोण म्हणतंय? पण हॉस्पिटलच्या केसपेपरवर सुखकोष्ठ असं नाव पडलं, तर पुढच्या महिन्यात खोकी छापायची आहेत ती कोण छापेल? जरा व्यवहारानं बघा. एक करता येईल का? आक्काची तब्येत आधीपासूनच नाजूक. म्हणजे ती तुमच्या अटीत बसत नाहीच. तिचा नमुना वगळून टाका. अकरा धरा.

मिलिंद : वगळला. राहिले किती?

दिनानाथ : अकरा.

मिलिंद : शून्य, सर.

उमा : बत्तीस वर्षं क्वालिटीला.

दिनानाथ : तू हसू नकोस!

उमा : हसत नाही. भाऊ, मला एक कळत नाही. ह्यांचं काय, माझं काय, सोहमचं काय, ते मी मघाशीच मांडलं. तुम्हाला यात काय मिळतं?

मिलिंद : मला? रिपोर्ट चांगला गेला असता तर पुढच्या महिन्यात कायम करणार होते. तीन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर आहे.

उमा : मग गप्प बसायचंत.

मिलिंद : बसणार होतो. दोन दिवस बसलो पण. काय आहे काकू, चोवीस डबे मीच उघडले. पहिल्या बारांत ती कशी होती ते बघितलं, दुसऱ्या बारांत कशी झाली ते बघितलं. चेहरा माहीत नसला तरी ओळख होते माणसाची. तुमच्यापेक्षा जास्तच झाली असेल.

दिनानाथ : हे भावनेचं झालं. आता माझं ऐका, गायकवाड. तुमचे साहेब माझ्या हाताखाली होते. मी त्यांना एक फोन केला की संपलं. सांगेन, माझे बारा डबे बरोबर होते, तुमच्या गायकवाडनं वाटेत सांडले आणि एकातून बारा भरले. बारा डब्यांत एकच माणूस! कोणालाही हेच खरं वाटेल. माझं वय, माझं नाव, आणि समोर तुम्ही. मग कोणीतरी हेही विचारेल की हा नोकरीला लागला कसा.

मिलिंद : मेरिटवर लागलोय.

दिनानाथ : ते विचारतील तेव्हा सांगा. ऐकून घेतील की नाही, मला माहीत नाही.

मिलिंद : परत वाजतेय.

उमा : वाजू दे. आता हे ऐकू दे मला.

मिलिंद : सर, तुम्ही फोन करू नका. मी करतो.

दिनानाथ : म्हणजे?

मिलिंद : मीच सांगतो, डबे मी सांडले, एकातून बारा मी भरले. तुम्ही नाही, काकू नाहीत, सुखकोष्ठही नाही. ते परत चाचणी करतील, दोन कॅप्सुलांची, खऱ्या माणसांवर. काही वाईट निघायचं नाही. पण तुम्ही आज डॉक्टरांना खरं सांगायचं. लेखी नको, तोंडी चालेल. कानात सांगा. फक्त सांगा.

दिनानाथ : तोंडी?

मिलिंद : एक वाक्य. चोवीस कॅप्सुल रोज, बियांचा अर्क. बस.

उमा : घ्या हो. स्वस्तात मिळतंय.

दिनानाथ : ठीक आहे. दिला शब्द.

मिलिंद : हॅलो, सर, मिलिंद बोलतोय. सुखकोष्ठचं होतं. नाही, रिपोर्ट नाही. सर, गलती झाली माझ्याकडून. पहिल्या फेरीचे डबे बाईकवरून पडले, सांडले. घाबरलो आणि जो एक राहिला त्यातूनच सगळे भरले. हो. हो, दुसऱ्या फेरीतही, पहिलीशी जुळावं म्हणून. नाही सर, त्यांना काही माहीत नाही. त्यांचं बरोबर होतं. सर, तसं नाही, मी… हो सर. हो. आयकार्ड गेटवर देतो. हो, उद्या नाही येत. ठेवतो, सर. झालं, काका. तुमचं राहिलं.

उमा : बघा, सर म्हणत होता, काका म्हणायला लागला.

दिनानाथ : माझी सख्खी बहीण आहे ती, मिलिंद. मला काय सांगायला हवं? गाडी काढतो, उल्हासनगरला नेतो.

मिलिंद : मी उचलायला येऊ? खाली नेताना दोघं लागतील.

दिनानाथ : नको, नको. तुम्ही हात लावू नका. म्हणजे, तुम्हाला त्रास कशाला. वॉचमनला बोलावतो.

मिलिंद : मग बाईकवरून मागे मागे येतो.

दिनानाथ : तुम्ही तिथे दिसलात तर डॉक्टर विचारतील हे कोण. मग कागदावर येईलच सगळं. मग तुम्ही फोन केलात तो फुकट. जा तुम्ही.

मिलिंद : काकू, वाटी थांबली.

उमा : बघते. आहेत. श्वास चालू आहे. ग्लानी आलीय जराशी.

मिलिंद : सांगाल ना, काका?

दिनानाथ : अहो, शब्द दिलाय. निघा आता.

(दोन महिने उलटून गेले आहेत. आतल्या खोलीत पलंग नाही. भिंतींना नवा रंग.)

दिनानाथ : अजून वास येतो का ग?

उमा : रंगाचा. मघाशी राजसीची आई अख्खी खोली फिरून गेली. कपाट कुठे लावायचं तेही ठरवलं. पदर नाकाला गेला नाही, मी बघत होते.

दिनानाथ : गोड स्वभावाची आहे बाई.

उमा : फारच. शिरा परत मागून घेतला राजसीनं. वाट्या कमी पडल्या म्हणून वन्संची ती घासून काढली होती. काठ जरा चेपलेत, पण चालून गेली.

दिनानाथ : हे कशाला सांगतेस मला? हे बघ, खोकी आली उल्हासनगरच्या छापखान्यातून. कसा आलाय फोटो?

उमा : छान. एखाद्याची विचारपूस करताय असं वाटतं. केस कोणाचे आहेत?

दिनानाथ : कॉम्प्युटरवर भरले त्यांनी थोडे.

उमा : नवी चाचणी झाली म्हणे.

दिनानाथ : झाली. दोन कॅप्सुल, बाहेरची माणसं. चांगले जिवाणू जरा दबले आणि परत उठले. तो गायकवाड म्हणाला होता तसंच. हुशार होता पोरगा. फोन केला होता त्यानं.

उमा : कशाला?

दिनानाथ : आक्का कशी आहे म्हणून. खूपदा केला. मग मी एकदा उचलला. म्हटलं, वयोमान होतं, गेली. तर विचारतो, डॉक्टरांना सांगितलं होतंत ना?

उमा : काय म्हणालात?

दिनानाथ : हो म्हटलं.

उमा : हो म्हणालात.

दिनानाथ : मी सांगणारच होतो! तोंड उघडतच होतो, तेवढ्यात तो डॉक्टर तुझ्याकडे वळला. आजींना काय देत होतात म्हणाला. तू पेज म्हणालीस.

उमा : पेजच होती. त्या पेजेत काय होतं ते तुम्ही सांगायचं होतंत. शब्द तुमचा होता, माझा नव्हता. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही 'पादत्राणे बाहेर काढावीत' ही पाटी वाचत उभे होतात. किती वेळ वाचायची एक ओळ?

दिनानाथ : डॉक्टरनं जुलाब बांधायचं औषध दिलं. जुलाब थांबले की नाही?

उमा : थांबले. पोट ढोलासारखं झालं आणि सगळंच थांबलं.

दिनानाथ : झालं ते झालं. तिची सुटका झाली.

उमा : मांडू का परत? मागं मांडलं होतं ते अर्धवट राहिलंय. फोटो तुम्हाला मिळाला, केसांसकट. आजोबांचं नाव लागलं. केळकरांचं तोंड दिवाळीपर्यंत बाकी धरू. सोहमला नोकरी मिळाली. कुठल्या टेबलावर बसवलाय त्याला?

दिनानाथ : रिकामं होतं त्या. गायकवाडच्या.

उमा : मग आता डबे सोहम उघडणार?

दिनानाथ : छे! तसं आधीच बोलून घेतलंय मी. डबे उघडायला दुसरा माणूस देणार आहेत, मोरिवलीचाच कोणीतरी.

उमा : खोली राजसीला मिळाली. म्हणजे मला आपला हॉलच. बघा, मी मांडलं सगळ्यांचं आणि माझंच चुकलं.

दिनानाथ : तुला सून मिळाली.

उमा : ती जमेला धरायची की नावे, ते दोन वर्षांनी सांगेन. आणि ह्या सगळ्याची किंमत कोणी मोजली?

दिनानाथ : कोणी काही मोजलेलं नाही. हे पत्रक बघ, खोक्यात घालायचंय. 'कुळगावातील या बारा जणांनी सर्वप्रथम वापरले.' माझ्या जुन्या यादीतली नावंच उचलली त्यांनी, म्हटलं असू देत. काळे एकदम खूश. दहा प्रती मागितल्यात, नातेवाइकांना द्यायला.

उमा : काळ्यांनी तर सीलही फोडलं नव्हतं.

दिनानाथ : ते कोण विचारतंय.

उमा : वाचा बघू नावं.

दिनानाथ : सगळी?

उमा : सगळी. मोठ्यानं.

दिनानाथ : काळे. साठेबाई. कर्वे, दोघं नवराबायको. वरचा तो देशमुख. दांडेकर. पाटकर, पाटकरांचा भाऊ. बी विंगच्या मराठेबाई. फडणीस. गुप्ते. आणि नेन्यांची सून. बारा. का ग?

उमा : काही नाही. बारा जणांचं घेतलं वन्संनी एकटीनं. बारांत तेवढ्या त्याच नाहीत.